तात्यांचं गाऱ्हाणं आणि माझे मणके

नमस्कार मंडळी. ग्रुपवरचे गूढ अनुभव मी दीड वर्ष नुसते वाचतोय, आणि खरं सांगायचं तर हसतोय. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आता आहे की नाही ते मलाच कळत नाही, म्हणून लिहितोय. शाळा सातवीत सुटली, चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

मी परभणीकडचा, वय सत्तावीस. सहा वर्षं मालगुंडजवळ तात्यांच्या आंब्याच्या बागेत आहे — टेम्पो चालवतो, पेट्या उचलतो. तात्या बहात्तर वर्षांचे. त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकींनी, मला पहिल्या दिवसापासून घरात पानावर बसवलं. हे उपकार कुठे फेडू...

गेल्या हंगामात माझी पाठ धरली. रत्नागिरीला एमआरआय काढला. डॉक्टर म्हणाले, "मणक्याच्या आतल्या बोन मॅरोत एक डाग दिसतोय. इंजेक्शन देऊन पुन्हा फोटो काढू, मग कळेल." मी बाहेर येऊन मोबाईलवर शोधलं. शोधायला नको होतं. गावाकडे मायला काही सांगितलं नाही; पण इतक्या लांब आपण मेलो तर तिला कळवणार कोण, एवढंच डोक्यात.

तात्यांच्या पाठीचं पूर्वी ऑपरेशन झालंय, मणक्यात दोन स्क्रू आहेत, तरी दुखणं होतंच. त्यांनाही इंजेक्शनचाच फोटो सांगितलेला, ते वर्षभर टाळत होते. काकींनी दोघांची एकाच दिवशी वेळ घेतली आणि स्वतः सोबत निघाल्या.

वाटेत गावच्या देवळात थांबलो. इकडे महत्त्वाच्या कामाला निघताना देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात — एकानं मागणं बोलायचं, बाकीच्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं. शिमग्याला गावाचं गाऱ्हाणं तात्याच घालतात, शब्द चुकत नाही. पण त्या दिवशी उशीर झालेला, आणि माझं तोंड बघून त्यांनी ठरलेले शब्द सोडूनच दिले.

"ह्या पोराच्या हाडात जे काय असेल ते माझ्या हाडात घाल. माझ्या हाडातलं ह्याला दे."

"होय महाराजा," मी म्हणालो. सवयीनं.

काकींनी कपाळाला हात लावला. "अहो, असं मोघम घालतात का गाऱ्हाणं? दुखणं तेवढं घे म्हणायचं. सगळंच्या सगळं कशाला बदललंत?"

"त्याला कळतं गो, मला काय म्हणायचंय ते."

फोटो झाले. डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं आणि पडद्यावर दोघांचे फोटो शेजारी लावले.

"डाग दिसत नाही आता," ते म्हणाले. "रक्त तपासू, पण घाबरायचं कारण नाही."

मी पाया पडायला वाकलो, पाठीत कळ आली, तसाच अडकून राहिलो.

"एक विचारू?" डॉक्टर मला म्हणाले. "तुमचं वय खरं किती?"

मग त्यांनी समजावलं. तरुण माणसाचा मॅरो लाल असतो, रक्त भरपूर, इंजेक्शनचं औषध घेतो आणि फोटोत उजळतो. वय वाढलं की त्यात चरबी भरते, पिवळा पडतो, औषध फारसं घेत नाही. माझा सत्तरीतल्या माणसासारखा मख्ख होता. तात्यांचा पंचविशीतल्यासारखा लख्ख, आणि डाग त्यातही नाही.

तात्या आंब्याचे माणूस. "म्हणजे हा पिकून पिवळा, आणि मी अजून कैरी?"

नावांची अदलाबदल झाली असेल म्हणून डॉक्टरांनी पाहिलं. पण लख्ख फोटोतच दोन स्क्रू होते. नंतर दुसऱ्या सेंटरला पुन्हा काढायला लावलं — तेच. फोटो मुंबईच्या डॉक्टरांना पाठवले; त्यांनी कळवलं, माणसागणिक थोडा फरक असतो.

माझं रक्त चांगलं निघालं. तेव्हा मायला फोन केला. आधी रडली, मग शिव्या दिल्या.

इकडे काकी तात्यांना रोज ऐकवतात, "पोराचं तरुणपण काढून घेतलंत, आणि वर उपकार केल्यासारखे हिंडताय." तात्या खरंच हिंडतात, पाठ दुखत नाही म्हणतात.

परवा ते माझ्याजवळ पायरीवर येऊन बसले. "मेल्या, उलटं गाऱ्हाणं घालू काय? तुझं तुला परत. ह्या वेळी शब्द लिहून काढलेत."

मी कागद दोनदा वाचला. सगळं चोख होतं, पण डाग तेवढा परत देऊ नकोस, हे कुठेच नव्हतं.

"राहू द्या तात्या."

"नक्की ना?"

"नक्की."

त्यांनी कागद इतक्या झटकन खिशात घातला की मला हसू आलं.

हे कसं झालं ते अजून कुणी सांगू शकलेलं नाही. तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा. मी रोज सकाळी 'आई गं' करत उठतो... पण उठतो, आणि आधी मायला फोन लावतो.