एलातहून न आलेला नवरा

तीन नाटकं मी लुगडं नेसून केली आणि तिन्हींत बायकांना रडवलं, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी शोध लावल्यासारखं सांगायला नको.

बासष्ट-त्रेसष्टची गोष्ट. इस्रायलच्या वाळवंटातल्या डिमोना गावातली आमची मराठी मंडळी दर सहा महिन्यांनी एक नवंकोरं नाटक करायची. लिहायचे मास्तर. मुंबईत शाळेत शिकवत, इथे कारखान्यात कारकून. छापील नाटकाला ते हात लावत नसत. म्हणायचे, आपली दुःखं आता इथली झालीत, ती दुसरं कोण लिहिणार? आणि लिहायचे ते समोरचं माणूस बघून. बायका पोरांना मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसायला तयार, स्टेजवर यायला एकही नाही. मग मास्तरांनी मला बघितलं. वय बावीस, कंबर बारीक, आवाज त्याहून बारीक. झालं. आधी मी विधवा बहीण झालो, मग सोशिक सून, मग डॉक्टरापुढे हिब्रू न सुचून रडणारी बाई.

आमचं थिएटर म्हणजे कामगारांचा हॉल. मागे एकच खोली. तिच्यात पिंगपाँगचं टेबल, सिनेमाच्या रिळांचे डबे आणि अर्धंच तोंड दिसेल असा आरसा. वाळवंटाची धूळ पावडरच्या डब्यात शिरायची, त्यामुळे आमचा मेकअप म्हणजे तोंडाला कानस लावणंच. खोलीचं दार एकाच विंगेत उघडायचं. दुसऱ्या विंगेत गेलेला माणूस पडदा पडेपर्यंत तिथेच भिंतीला चिकटून उभा. नाटक सुरू झालं की आम्ही सगळे कैदी.

मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? टाळ्या कुणाला नको असतात? पण बाबा एकदाही आले नाहीत. मुंबईत गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवर मुकादम असलेला माणूस, घरात कमी बोलायचा. प्रयोगाच्या सकाळी फक्त विचारायचे, "या खेपेला पुरुष का बाई?" मी म्हणायचो, बाई. "बरं," म्हणून बाबा रेडिओकडे वळायचे. रागावले असते तर परवडलं असतं.

चौथ्या नाटकाला मी मास्तरांना सांगितलं, आता पँट दिलीत तरच येईन. मास्तर म्हणाले, बाई आणून दे, पँट घे. मी आणली. दवाखान्यातली नर्स, पुण्याकडची, शाळेत नाटकात कामं केलेली. नवऱ्याची ना नव्हती. अर्ध्या डिमोनाला तिने सुया टोचलेल्या, त्यामुळे तिच्या वाटेला जाण्याची कुणाची छाती नव्हती. तिची सगळी भाषणं मीच तिला शिकवली.

नाटक होतं एलातच्या बंदरात कामाला गेलेल्या नवऱ्याचं. पहिल्या अंकात बायको आणि सासू त्याची वाट बघतात, त्याची नुसती पत्रं येतात. दुसऱ्या अंकात तो येतो. तो म्हणजे मी, पँट घालून, हातात बॅग घेऊन. प्रयोगाच्या शनिवारी सकाळी बाबांनी विचारलं आणि मी म्हणालो, "पुरुष." त्यांनी रेडिओकडे न बघता आईला आपल्या इस्त्रीच्या शर्टाचं विचारलं.

आता आमची अक्कल ऐका. नर्सबाईची बहीण अश्दोदला बाळंत झाली होती, म्हणून ती शुक्रवारी तिकडे गेली. शनिवारी शब्बाथ संपला की पहिल्या बसने येते म्हणाली. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. मुंबईत शब्बाथ आम्ही यहुदी पाळायचो, ट्राम पाळायची नाही. इतकी वर्षं इथे राहूनही कुणाच्या डोक्यात आलं नाही, की इथे शनिवारी पहिली बसच आकाशात तारे दिसल्यावर सुटते, आणि मग बेरशेबात बदलावी लागते. प्रयोग साडेसहाचा. साडेआठला हॉल सिनेमावाल्यांचा.

साडेसहाला हॉल भरला. मास्तरांनी आधी लुगड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मास्तर, बाबा आलेत."

"मग त्यांच्यासमोर चांगलं कर. ती आली की सोडतो तुला."

मी लुगडं नेसून स्टेजवर गेलो तेव्हा बाबा दुसऱ्या रांगेत, आईशेजारी. माझ्याकडे बघून त्यांनी मान खाली घातली. नवरा म्हणून मीच लिहिलेलं पत्र मी बायको होऊन मलाच वाचून दाखवू लागलो. पहिला अंक चाळीस मिनिटांचा. तो संपत आला की विंगेतून मास्तर हात हलवायचे, ती अजून नाही आली, ताणा. आमची सासू म्हणजे कारखान्यातला क्रेनवाला. त्याला हुरूप आला. त्याने माझ्याकडून तांदूळ निवडून घेतले, पाणी भरून घेतलं, स्वतःचे पाय चेपून घेतले. प्रेक्षकांतून एक म्हातारी म्हणाली, "बस कर गो बाय, पोरीला बसू दे जरा." हॉल हसला. मी सासूला म्हणालो, आत जाऊन दिवा लावते. तो मेला म्हणाला, दिवा लावलाय मी.

शेवटी माझ्याकडची भाषणं संपली. मग जे आठवलं ते बोलत सुटलो. बाबा आमच्या आधी एकटे इथे आले होते. दीड वर्ष आई आम्हाला घेऊन मुंबईत होती. बाबांचं पत्र आलं की ती जे करायची ते मी केलं. पत्र वाचून झालं की कागद उलटा करून बघायचा, मागे काही लिहिलंय का. लिफाफ्यात बोट घालायचं. मग म्हणायचं, बरा आहे. शेजारणीने न विचारताच म्हणायचं, बरा आहे. हॉलमधलं हसू थांबलं. मला तिथून पळायचं होतं आणि मास्तरांचा हात अजून हलतच होता.

नर्सबाई पोचली तेव्हा सव्वाआठ वाजून गेले होते. पिशवी घेऊन विंगेत शिरली, आणि तिच्यामागून सिनेमावाला रिळं घ्यायला शिरला. मास्तर त्याच्या हातापाया पडले. तो म्हणाला, बाहेर लोक उभे आहेत. पडदा पडला. माझी पँट खुंटीलाच राहिली.

घरी जाताना आई शेजारणींबरोबर पुढे होती. मी आणि बाबा मागे. माझ्या कानामागे पावडर तशीच.

"तो येतो का शेवटी?" बाबांनी विचारलं.

"दुसऱ्या अंकात येतो. मीच होतो तो."

बाबा चालता चालता थांबले. पुढे आईकडे बघत राहिले.

"मग लवकर यायचं ना रे," ते म्हणाले. "किती ताटकळवलंस तिला."