शेवंताबाईचे चार डॉक्टर

"म्याडम, माह्या याडीच्या किडन्या गेल्या. परवाच्या बाजारात बकऱ्या विकतो अन् नागपूरले नेतो. तोवर एखादी सलाईन लावून द्या."

विलास राठोड एका दमात बोलून मोकळा झाला. याडी म्हणजे त्याची आई, शेवंताबाई. ती माझ्या तपासणीच्या टेबलावर आडवी पडली होती. कापूस वेचता वेचता धुऱ्याजवळ, म्हणजे शेताच्या बांधाजवळ, कोसळली, म्हणून सोबतच्या बाया ऑटोत घालून घेऊन आल्या होत्या. बायांच्या कमरेला कापसाच्या ओट्या तशाच बांधलेल्या. काम अर्धं सोडून आल्या होत्या बिचाऱ्या.

मी आर्णी तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या उपकेंद्रात सीएचओ आहे. उपकेंद्र म्हणजे सरकारी दवाखान्याची सगळ्यात खालची पायरी आणि सीएचओ म्हणजे त्या पायरीवर बसलेलं माणूस. बीपी, शुगर, ताप-खोकला मी बघते. त्यापुढचं काही असलं तर पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, डॉक्टरांना फोन लावते. माहेर जिल्ह्यातल्याच नेरचं, त्यामुळे बोली इथलीच, आणि तोंड जरा फटकळ. नवरा म्हणतो, जरा नाही.

बीपी घेतलं. वरचा आकडा शहाऐंशी. शंभराच्याही खाली. बाईचे पाय उशीवर उंच केले. घोट्याजवळ बोट दाबलं तर खड्डा पडला. सूज बरीच होती.

"किडनी गेली हे कोण बोललं?" मी विलासला विचारलं.

"बाजारातला डॉक्टर. पाय दाबून पाह्यला न म्हणे, किडनीचंच दिसते, मोठ्या ठिकाणी न्या."

"रक्त तपासलं?"

"नाई."

"लघवी?"

"नाई."

"मंग त्याले काय पायात किडनी दिसली का?"

बाया हसल्या. विलासला हसू आलं नाही. घरात चार बकऱ्या आणि एक बोकड, सगळा पसारा शेवंताबाईनं एका पाठीवरून, म्हणजे बकरीच्या एका पिल्लावरून, वाढवलेला. घरात अडीअडचणीला तेवढाच आधार. त्या गेल्या असत्या, वर नागपूरच्या फेऱ्या, सोबत राहणाऱ्याचं काम बुडणार. आणि किडनी ठणठणीत निघाली असती तर? बकऱ्या कोणी परत दिल्या नसत्या.

"औषधं कोणती सुरू आहेत?" मी विचारलं.

शेवंताबाईनं पडल्यापडल्या कमरेची पिशवी सोडली. त्यातून प्लास्टिकची एक पन्नी निघाली, आणि पन्नीतून गोळ्यांच्या चार पट्ट्या. तिनं त्या पोटावर ओळीनं मांडल्या.

"हे आर्णीच्या दवाखान्यातली, चक्करची. थे मोटरसायकलवर येते त्या डॉक्टरची, डोक्याची. हे तिसरी बीपीची. अन् हे बाजारातली, सुजनची."

"अन् ह्या सगळ्या खाता?"

"हाव! ज्याची गोळी त्याच्या नेमानं. एकाही डॉक्टरचा नेम मोडला नाई मी."

हे तिनं एवढ्या अभिमानानं सांगितलं, की मला रागवावं की पाठ थोपटावी ते कळेना. पहिली पट्टी वाचली. ॲम्लोडिपिन. ही बीपीची गोळी. नसा सैल करते, म्हणजे बीपी उतरतं. दुसरी वाचली. कंपनीचं नाव वेगळं, आत ॲम्लोडिपिनच. एकच औषध बाई दुप्पट खात होती. बीपी उतरणार नाही तर काय होणार! त्या गोळीचा आणखी एक गुण म्हणजे डोस जास्त झाला की पाय सुजतात. बाजारातल्या डॉक्टरनं ते सुजलेले पाय पाहिले आणि लघवी वाढवायची गोळी दिली. तिनं बीपी आणखी खाली आणलं.

माझा पारा चढला. "काय लोक आहेत! आधी काय सुरू आहे ते विचारायचं तरी. दोन मिनिटं लागतात. बाईचा जीव गेला असता." असं बरंच बोलले मी. बाया माना हलवत होत्या.

मग तिसरी पट्टी उचलली. तीही ॲम्लोडिपिन. वर सरकारी शिक्का, विक्रीसाठी नाही. पट्टीला स्टेपल केलेल्या पाकिटावर लिहिलेलं, रोज सकाळी एक. अक्षर माझं.

मी खुर्चीवर बसले. तपासणी कॅम्पला मीच दिली होती. त्या दिवशी रांग मोठी होती, आणि आधी काय सुरू आहे ते मी विचारलं नव्हतं. नंतर दोनदा घरी जाऊन आले, दोन्ही वेळा दाराला कुलूप. बाई वावरात. मी रजिस्टरला शेरा मारला, 'घरी आढळली नाही', आणि विसरले.

"शेवंताबाई, ही तिसरी गोळी माही हाय. चुकलं माहं," मी सगळ्यांसमोर म्हटलं.

"असू द्या व माय," ती म्हणाली. "पण गुण तं सगळ्याच गोळ्यायचा येऊन राह्यला."

गावात बाबारावजी आहेत. कापूस, तूर, बरंच वावर. त्यांनाही बीपी आहे, वयही शेवंताबाईएवढंच. त्यांची फाईल पंचवीस वर्षं यवतमाळच्या एकाच डॉक्टरकडे आहे. बोटाला मुंगी चावली तरी फोन करतात आणि डॉक्टर फोन उचलतो. शेवंताबाईचं तसं नाही. वेचणी किलोवर असते, दिवस मोडला की मजुरी मोडली. दुखलं की त्या दिवशी वाटेत जो भेटेल तो डॉक्टर. बाजाराला गेली तर बाजारातला, तांड्यावर असली तर मोटरसायकलवाला. माझी ओपीडी नऊला उघडते. मजुरांचा ऑटो सातला निघून जातो. माझ्या दवाखान्यात औषध फुकट होतं, पण माझी वेळ तिला परवडत नव्हती.

पीएचसीच्या सरांना फोन लावला. सगळं सांगितलं, माझं पाकीटसुद्धा.

"चारही बंद करा," सर म्हणाले. "मीठसाखरेचं पाणी द्या, दर अर्ध्या तासाला बीपी घ्या. शुद्ध हरपली किंवा बीपी चढलंच नाही तर लगेच ॲम्ब्युलन्स. क्रिएटिनिनला रक्त पाठवा."

क्रिएटिनिन म्हणजे किडनी नीट गाळते की नाही ते सांगणारी तपासणी. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळणार होता.

"तोवर बकऱ्या विकू नको," मी विलासला म्हटलं.

"अन् रिपोर्टात खराब निघालं तं? बाजार आठवड्यातून एकदाच भरते."

"खराब निघालं तर मी स्वतः गाडी बोलावून देते. यवतमाळले आधी दाखवू. एक दिवस थांब."

बीपी दुपारपर्यंत शंभराच्या वर आलं, आणि बाई उठून म्हणाली, मले भूक लागली.

रिपोर्ट आला. क्रिएटिनिन नॉर्मल. मी फोन न करता पायीच त्यांच्या घरी गेले. विलासनं सकाळीच बोकड विकून टाकला होता, व्यापारी घरी आला म्हणून. चार बकऱ्या वाचल्या. त्यानं रिपोर्ट उलटासुलटा पाहिला. शेवंताबाई त्याला म्हणाली, "म्या सांगतलं नोहतं का, मले काही झालं नाई." मुळात तिनं असं काही सांगितलं नव्हतं. खरं सांगते, फार बरं वाटलं.

दहाबारा दिवसांत सूज उतरली. बीपी हळूहळू पुन्हा चढलं, तेव्हा सरांनी एकच गोळी सुरू केली. आता ते नेमानं बघायचं कोणी आणि कधी? मी बीपीचं मशीन घेऊन आठवड्यातून दोनदा सकाळी साडेसहाला चौकातल्या ऑटोच्या थांब्यावर उभी राहायला लागले. भाकरी बांधून आलेल्या बाया एकेक हात पुढं करायच्या. बाबारावजीही एकदा आले. मी म्हटलं, तुमचा नंबर नऊनंतर.

आठच दिवसांत सरांचा फोन. "मॅडम, तुमची हजेरी ॲपवर चौकात का दिसते?"

"सर, पेशंट चौकात असतात."

"ओपीडी उपकेंद्रात असते."

"उपकेंद्रात त्या वेळी कुत्रं असतं, सर."

मग सर म्हणाले, "नऊला जागेवर या, दुसरी हजेरी लावा. आणि हे माझ्याकडे लेखी मागू नका."

"नाही मागत, सर."

मागच्या महिन्यात बाजाराच्या दिवशी शेवंताबाईचा फोन आला. मागं गाड्यांचा आवाज.

"म्याडम, आर्णीले आली मी. खोकला झाला. हा डॉक्टर चार गोळ्या देऊन राह्यला. खाऊ का?"

"त्याले फोन द्या."

"कोण बोलतंय?" डॉक्टर जरा गुरकावूनच बोलले.

"त्यांच्या गावची सीएचओ. त्यांना ॲम्लोडिपिन पाच मिलिग्रॅम सुरू आहे. तुम्ही काय देताय?"

त्यांनी एकेक नाव वाचलं. सर्दीची एक गोळी बीपी वाढवणारी होती. ती नको म्हटलं.

"मग हे आधी सांगायचं ना."

"आधी विचारलं कोणी?"

ते काही बोलायच्या आत शेवंताबाईचा आवाज ऐकू आला. ती त्यांना समजावत होती, "असं करजा डॉक्टरसाहेब, काही लागलं तं हिलेच विचारत जा. माहं सगळं हिच्यापाशी हाय." फोन ठेवल्यावर मी उगीचच हसत बसले.

गरिबाला डॉक्टर मिळत नाही, असं आमच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगतात. शेवंताबाईला चार मिळाले होते, आणि त्यातली एक मी होते. चौघांत मिळून एकालाही बाकीच्या तिघांचा पत्ता नव्हता, तेवढ्यानंच ती मरणार होती. आता एकीला पत्ता आहे. त्यासाठी मला काही नवीन शिकावं लागलं नाही. फक्त पहाटे पाचला उठावं लागतं, आणि ते मला अजून जमत नाही. दर वेळी चिडतच उठते.