बारकीचे बेचाळीस गुण

बारकीला साठपैकी बेचाळीस गुण मिळाले. मी तीस वर्षं शाळेत पेपर तपासले, पण जास्त गुण मिळाले म्हणून कुणाला घरी बसवलेलं कधी पाहिलं नव्हतं. बारकीला बसवलं. आणि तो पेपर तिला वाचून दाखवणारी मीच, त्यामुळे हा राग थोडा माझ्यावरही आहे.

बारकीचा पाडा तळासरीच्या बाजूला, हायवेपलीकडे. ऐन विशीत तिची नजर गेली. उजव्या डोळ्याला तेवढा दारातला उजेड आणि आड येणाऱ्याची सावली कळायची. बोर्डीच्या रस्त्यावर शैलेशभाईंची चिकूची वखार आहे, तिथे ती नऊ वर्षं माल निवडते. डोळस बायका रंग बघतात आणि फसतात. बारकी चिकू तळहातावर घेते, देठाशी अंगठा फिरवते, चीक बोटाला लागला की फळ बाजूला. तिने भरलेली पेटी बाजारातून कधी परत आलेली नाही. हे मी नाही, शैलेशभाई सांगायचे.

सकाळी आली की ती भिंतीला हात लावून पूर्ण वखार एकदा चालते. वाटेत क्रेट आहे का ते पायाने बघते. देठ कापायची कात्री जागेवर आहे का, हे तीनदा चाचपते. एकदा कुणीतरी वाटेत क्रेट ठेवून चहाला गेलं होतं, तेव्हा बारकीच्या गुडघ्याला पाच टाके पडले. तेव्हापासूनची ही सवय.

मागच्या वर्षी एका संस्थेने वखारीशी करार केला. अंधांना काम द्यायचं, आणि संस्था वर्षातून दोनदा त्यांच्या मनातली चिंता मोजणार. तीसच्या वर गुण गेले तर माणूस कामासाठी धोक्याचा, तीन महिने घरी विश्रांती, मग पुन्हा मोजणी. मोजायला मुंबईहून सोनल नावाची मुलगी आली. पुस्तकी मराठी बारकीला कळेना म्हणून शैलेशभाईंनी मला बोलावलं. जवळच राहते, रिकामी असते, गेले.

सोनलने आधी एक कार्ड पुढे धरलं. त्यावर हसऱ्यापासून रडक्यापर्यंत पाच चेहरे काढलेले.

"मावशी, आज तुम्हाला जसं वाटतंय, त्या चेहऱ्यावर बोट ठेवा."

बारकीने कार्ड हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी चाचपलं आणि परत दिलं. "गुळगुळीत आहे," ती म्हणाली. सोनल लाजली, हे तिच्या बाजूने सांगायला हवं.

मग वीस प्रश्न, एकेकाला शून्य ते तीन गुण. डोळस माणूस असा कागद कोपऱ्यात बसून गुपचूप भरतो. बारकीचा कागद मी मोठ्याने वाचला, अख्ख्या वखारीसमोर. बायकांचे हात थांबले होते, शैलेशभाई दारात उभे होते. मला तेव्हाच उठायला हवं होतं.

"एकटं बाहेर पडायची भीती वाटते का?"

"हायवे ओलांडायचा तर वाटंलच ना, बाई."

तीन गुण.

"त्याच त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा तपासता का?"

"रोज."

तीन.

"कशाला तरी धडकाल, पडाल, असं मनात येतं का?"

"पडलेली आहे मी. टाके बघा."

तीन.

"लोक आपल्याकडे टक लावून बघतायत असं वाटतं का?"

"बघतात का? तुम्हीच सांगा."

सोनलने थोडा विचार करून दोन दिले.

बेरीज बेचाळीस झाली तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी विचारलं, "ही प्रश्नावली कुणावर तपासून घेतलीय?"

"कॉलेजच्या मुलांवर, बाई. खूप मोठा अभ्यास आहे."

"दिसणाऱ्या मुलांवर?"

तिने कागद उलटसुलट करून पाहिला. मग हळूच म्हणाली, "मला प्रश्न बदलायची परवानगी नाही."

जपून चालणाऱ्या बाईच्या जपण्यालाच आजार म्हणायचं, आणि वर तिचं कामही काढून घ्यायचं. मी शैलेशभाईंना हे तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तुमचं खरं आहे, पण उद्या काही झालं तर कागद माझ्याविरुद्ध बोलेल." नऊ वर्षांत काही झालं नव्हतं, आणि झालं ते दुसऱ्याने ठेवलेल्या क्रेटमुळे. पण क्रेट ठेवणाऱ्याला कुणी वीस प्रश्न विचारले नाहीत. मी संस्थेला दोन पत्रं लिहिली. पत्र मिळालं एवढंच उत्तर आलं.

तीन महिने बारकी पाड्यावर बसून होती. उपचार म्हणाल तर शून्य. या दरम्यान बाजारातून कच्च्या मालाच्या सात पेट्या वखारीत परत आल्या.

दुसऱ्या मोजणीलाही वाचायला मीच होते. मी निदान एवढं केलं, की आतल्या खोलीत बसायचं म्हणून हट्ट धरला. बारकी ताठ बसली.

"एकटं बाहेर पडायची भीती?"

"नाय."

"गोष्टी पुन्हा पुन्हा तपासता?"

"नाय."

"झोप लागत नाही असं होतं का?"

"झोप बेस लागते."

बाकीच्या प्रश्नांनाही तिने 'नाय'च म्हटलं. सोनलने खुशीत शून्य मांडलं आणि खाली 'लक्षणीय सुधारणा' असं लिहिलं. संस्थेच्या अहवालात आता बारकीचा फोटो येणार आहे. शैलेशभाईंनी उद्यापासून ये म्हणून सांगितलं.

तिला जीपपर्यंत सोडायला मी निघाले. वखारीच्या दारात ती चौकटीला धडकली. या दारात ती कधी अडखळलेली मी पाहिली नव्हती. मी तिचा दंड धरला.

"बारके, काय झालं?"

"दारातला उजेड गेला, बाई. होळीपासून काहीच नाय दिसत. झोप लागत नाय. रात्रभर छाती धडधडते."

"मग आत्ता आत का नाही सांगितलंस? त्याचसाठी विचारत होते ना."

"मागल्या वेळी खरं सांगितलं तर काम गेलं."

जीप आली. ती पाय चाचपत चढली, दांडी घट्ट धरून बसली आणि माझ्या दिशेने वाकली.

"तुम्हाला सांगितलं ते सांगितलं, बाई. त्यांच्या कागदात लिहू नका."