मोगऱ्याखालचा घाम

ती घटना आठवली की आजही माझ्या नाकात मोगऱ्याचं अत्तर दरवळतं. मी अंबडला फौजदार असताना तिथल्या बाजारात एका अत्तराच्या दुकानात चोरी झाली होती. मालकाच्या मुलीच्या निकाहासाठी कपाटात ठेवलेले दागिने गेले होते. कुलूप शाबूत, चावी जुन्या नोकराकडे. शेजारच्या दुकानदाराने सकाळीच खबर दिली, की काल नोकर कपाटापाशी घुटमळत होता.

मी नोकराला दोन तास उलटसुलट विचारलं. तो एकच सांगत राहिला, "साहेब, वीस वर्षं चावी संभाळून राह्यलो. चोर म्हणून घरी कोणत्या तोंडानं जाऊ?" माझा विश्वास बसला नाही. अटकेची कागदपत्रं तयार करायला सांगून मी मोकळा झालो.

तेवढ्यात जालन्याहून श्वानपथक आलं. माणसांची नावं घेत नाही, कुत्रीचं घेतो: राणी. चोराने जाताना दुकानभर अत्तर ओतलं होतं. पंचनामा करता करता आम्ही त्यात न्हाऊन निघालो होतो, आणि आता कुणालाच वास येत नव्हता. इथे कुत्री काय करणार, असं मी म्हणालो. तिला सांभाळणारा पोलीस, म्हणजे तिचा हस्तक, हसला. एकच वास येत राहिला की मेंदू त्याची दखल घेणं सोडतो, असं त्याने सांगितलं. शिवाय नाकाकडून आलेले वास मेंदूच्या पुढच्या भागात टपालासारखे वेगवेगळ्या खणांत लागतात, आणि कुत्र्याचे खण फार बारीक. "आपल्याला आमटीचा एकच वास येतो, साहेब. हिला लसूण अलग, जिरं अलग. अत्तराखालचा घाम ही बराबर काढती."

कपाटापाशी सापडलेलं, दुकानातलं नसलेलं फडकं राणीने हुंगलं. बाहेर उभ्या केलेल्या नोकराला तिने ओलांडलं, अत्तरात माखलेल्या माझ्या शिपायांनाही ओलांडलं, आणि ती शेजारच्या दुकानदारापुढे जाऊन बसली. आपण महिनाभर त्या दुकानात पाऊल टाकलं नाही, असं तो ठणकावून म्हणाला. रजेवरून नुकत्याच हजर झालेल्या आमच्या महिला शिपाई त्याच्याजवळ गेल्या. "मंग तुमच्या अंगाला हा मोगरा कुठला?" त्याचं नाकही आमच्यासारखंच थकलेलं. तो स्वतःची बाही हुंगत राहिला.

जेवायला जाताना चावी शेजाऱ्याकडे ठेवायची, हा त्या बाजाराचा रिवाज. त्याने तिचीच नक्कल करून घेतली होती. कुत्रीचं बसणं पुरावा ठरत नाही, पण दागिने त्याच्या घरातून पंचांसमोर जप्त झाले.

घरी बायकोने गणवेश हुंगून केलेली चौकशी माझ्यापेक्षा कडक होती.

मी नोकराची माफी मागितली. निकाहाच्या दिवशी दारात त्यानेच माझ्या मनगटाला अत्तर लावलं. चोरी झाली की आधी नोकर, हा वास माझ्या डोक्यात इतका मुरला होता, की तो येतोय हे मला उभ्या नोकरीत कळलं नव्हतं.