मान माझी, मान त्याचा

विन्याला अंधेरीच्या स्मशानात नेलं तेव्हा सॅंडी स्वतः आला होता. पांढऱ्या केसांची शेंडी, काळा शर्ट, आणि भोवती मोबाईल काढून उभी असलेली माणसं. विन्याच्या बायकोचा, वैशालीचा, सकाळी फोन आला, ‘भावोजी, विनू गेला हो...’ तेव्हा हातातली कानस खिशात घालून मी रडतच निघालो. पण स्मशानात सॅंडीला पाहिलं आणि रडू थांबलं. माझ्या वेळी कोण येणार, हा विचार आला मनात. आता आला तर आला. विन्याबद्दल लिहायचं तर हे आधी सांगायला हवं, की मी त्याच्यावर जळायचो. अजूनही जळतो.

सॅंडी म्हणजे आमच्या कॉलेजच्या दिवसांतला देव. खरं नाव सदानंद, मूळचा मालवणकडचा, पण स्टेजवर सॅंडी. इंग्रजी रॉक वाजवायचा आणि मधूनच मालवणीत शिव्या द्यायचा. त्याची ती क्रीम रंगाची गिटार त्याने स्वतःच कापूनकुपून, तासून, तारा फिरवून अशी काही करून टाकली होती की तसला आवाज दुसऱ्या कुणाच्या गिटारीतून निघत नसे. पुढे तो आखातात हॉटेलांत वाजवायला गेला आणि मागे घर बदलताना गिटार कुठे गेली कुणालाच कळलं नाही. उतारवयात तो परत आला, कार्यक्रम ठरला, आणि त्याला तीच गिटार हवी होती. विन्या आणि मी तेव्हा मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात गिटारी दुरुस्त करायचो. सॅंडीने आमच्यापुढे थोडे काळेपांढरे फोटो आणि एक खरखरीत व्हिडिओ कॅसेट टाकली आणि म्हणाला, बघा जमतं का.

आम्ही त्या फोटोंवर भिंग घेऊन अक्षरशः झोपायचो. मागच्या बाजूचा पत्रा डब्याच्या झाकणातून कापलाय हे मी ओळखलं, कडेला झाकणाची गोल रेघ होती. विन्याने माझ्या पाठीत गुद्दा घातला आणि आठवडाभर येईल त्याला सांगत सुटला, ‘मन्याने झाकण पकडलं!’ मान तर पूर्ण माझीच. तारा ज्या दांडीवर दाबतात तिला सगळे नेक म्हणतात, आम्ही मान म्हणायचो. मी मानेला साचा वापरत नाही. डोळ्याने बघत, कानस मारत जातो, आणि बॉडीत बसणारं तिचं टोक दरवेळी थोडं गोल उतरतं, डावीकडे कणभर जास्त. माझ्या मनगटाची खोड आहे ती. विन्या त्याला ‘मन्याचं बूड’ म्हणायचा आणि बॉडीतली खाच मुकाट तशी कोरून द्यायचा.

राहिला होता एक डाग. वरच्या कोपऱ्यात, बोटाएवढा काळपट. कॅसेटमध्ये तो तांबूस दिसायचा. मी म्हटलं, सिगरेट. सगळेच रॉकवाले तारांत सिगरेट खोचून ठेवतात, भाजला असणार. सोल्डरिंगची सळई तापवून मी एका फळीवर तस्सा डाग पाडलासुद्धा, झकास जमला होता. विन्या फोटो पुढे-मागे करत बसला होता. मग हळूच म्हणाला, ‘मन्या, भाजलेला डाग सरकतो का रे?’ एका फोटोत डाग कडेला, दुसऱ्यात दोन बोटं खाली, तिसऱ्यात पुसट. आणि जिथे ठसठशीत होता तिथे मागे झेंडूचं तोरण... दसरा! सॅंडीच्या आईने हत्यारांना लावतात तसं गिटारला कुंकू लावलेलं. माझी आईही दरवर्षी माझ्या पटाशीला, कानशीला कुंकू लावते, तोंडाने पुटपुटत लावते, आणि मला दिसलं नाही. विन्याला दिसलं. नव्या गिटारवर कुंकवाचं बोटही त्यानेच लावलं.

सॅंडी गाळ्यात आला, गिटार मांडीवर घेतली, वाजवली मात्र नाही. अंगठा त्या कुंकवावर नेला आणि तिथेच थांबला. म्हणाला, ‘ह्यां कोणी बघितला?’

विन्या म्हणाला, ‘दोघांनी.’

धडधडीत खोटं. आणि इतकं सहज बोलला, की मी तोंड उघडेपर्यंत सॅंडीने त्याला मिठी मारली होती. विन्यालाच. पेपरात फोटो आला त्यातही सॅंडी, विन्या आणि कडेला माझा अर्धा खांदा. मान माझी होती, मान मिळाला त्याला. त्या संध्याकाळी विन्या चहा घेऊन आला आणि म्हणाला, पुढचा फोटो दोघांचा काढू. मी म्हटलं, ‘मला तुझं उष्टं नको.’ त्याने चहा माझ्यापुढे ठेवला आणि कामाला लागला. भांडला असता तर बरं झालं असतं, पण तो भांडणारा नव्हता. महिन्याभरात मी गाळा सोडला आणि नाहूरला, घराजवळ, स्वतःचं दुकान टाकलं.

नंतर सॅंडीच्या गिटारीच्या नकला करून मागणारी पोरं विन्याकडे रांग लावायची. मानेसाठी त्याने दुसरा माणूस धरला नाही, बाजारातून तयार माना आणून लावायचा. मी येईल त्याला ऐकवायचो की विन्याच्या गिटारीला मान विकतची असते. आणि हा काय करायचा, तर मानेचं काम घेऊन आलेल्या माणसाला सांगायचा, नाहूरला जा, मन्यासारखा हात कुणाचा नाही. माझं निम्मं दुकान त्याने पाठवलेल्या लोकांवर चाललं. अशा माणसाचं काय करायचं, सांगा. वाईट वागला असता तर मला नीट रागावता तरी आलं असतं. आजारी आहे कळलं तेव्हा गेलो होतो एकदा. इकडचं तिकडचं बोललो. निघताना माझं मनगट धरून म्हणाला, खोड आहे ना अजून? मी म्हटलं, आहे. हसला.

आता तो गेल्यावर मी म्हणायला हवं की माझं चुकलं. नाही म्हणणार. ते कुंकू त्याला दिसलं आणि मला नाही, हे तो मेल्याने बदलत नाही.

गेल्या आठवड्यात वैशालीने गाळा आवरायला बोलावलं. खिडकीजवळ खिळ्याला एक क्रीम रंगाची बॉडी टांगलेली होती, मान नसलेली. वैशाली म्हणाली, ‘ही स्वतःसाठी करत होता. मी म्हटलं, लाव की बाजारातली एखादी. तर म्हणाला, बसणार नाही.’ मी खाली काढून उजेडात धरली. खाच गोल होती. डावीकडे कणभर जास्त... इतक्या वर्षांत माझी एकही मान त्याच्या हाताखालून गेली नव्हती, माप घ्यायला समोर काही नव्हतं. फोटोंवरून सॅंडीची गिटार ओळखणाऱ्या माणसाला माझं मनगट तोंडपाठ होतं. च्यायला विन्या, मला धड जळायलाही जागा ठेवली नाहीस.

बॉडी दुकानात आणली. मान केली, नेहमीसारखी, साच्याशिवाय. खाचेत टेकवली आणि ती आपसूक आत गेली, मध्ये कागद जाणार नाही इतकी. पुन्हा काढली तेव्हा खाचेतला भुसा मानेबरोबर निघून आला आणि तळाशी नजर गेली. वाळलेलं कुंकू, एका बोटाचं. मान बसल्यावर कुणालाच दिसणार नाही अशा जागी. ती बसवायला जो येईल त्यालाच ते दिसणार होतं.

चार स्क्रू मारले की काम संपलं. अजून मारलेले नाहीत. सकाळी दुकान उघडलं की मान काढतो, कुंकू बघतो, पुन्हा बसवतो. सॅंडी दोनदा फोन करून म्हणाला, विन्याची शेवटची गिटार बघायला येतो. मी त्याला सांगितलं, अजून झाली नाही. त्याचं कुंकू सगळ्या जगाने पाहिलं. हे माझं आहे.