चावी विमानानं, कपाट ट्रॅव्हल्सनं

मी शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे चिखलीहून ठाण्याला जाण्यासाठी मी आईला घेऊन आधी नागपूरला गेलो.

ठाण्याला भाचीचा साखरपुडा होता. धाकटा भाऊ बाळू म्हणाला, "दादा, रात्री ट्रॅव्हल्समध्ये झोपलं का सकाळी ठाणं. काऊन उलटा जाऊन राह्यला?" पण मी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून पाहिली होती. नागपूर ते मुंबई सरळ रेघ, विमानाला जेमतेम दीड तास, आणि रेघ बरोबर चिखलीच्या डोक्यावरून! आईला आपलं घर आकाशातून दिसेल, हा मोह मला आवरला नाही. बाळूनं सामान घेऊन मागून ट्रॅव्हल्सनं यायचं ठरलं. आईनं नातीसाठी घेतलेला शालू आणि पाटल्या लोखंडी कपाटात होत्या. त्या त्यानं निघताना घ्यायच्या होत्या.

अख्खी सकाळ गाडीत बसून आम्ही नागपूर गाठलं. विमानात पट्टा बांधतो न बांधतो तोच बाळूचा फोन आला.

"दादा, कपाटाची चावी कुठी हाय?"

मी खिसा चाचपला. (घर सोडताना कपाटाला कुलूप लावून चावी खिशात टाकायची माझी सवय. फार जपतो मी.)

"माझ्याजवळ आहे रे."

"अन् तू?"

"विमानात."

तो शांतपणे म्हणाला, "चिखलीवरूनच जाशीन न? टाक खाली."

आईनं फोन हातात घेतला. "बाळू, कपाट फोडू नको बरं. तुह्या बापानं घेतलेलं हाय." तेवढ्यात हवाई सुंदरीनं फोन बंद करायला लावला.

वाटेत आईनं विचारलं, "यातलं आपलं घर कोणतं?" खाली नुसते ढग होते. मी एका ढगाकडे बोट दाखवलं. शालूशिवाय नात पाटावर कशी बसणार, या काळजीनं तिनं तो ढगही धड पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळू आला. चावी बनवणारा गावात नव्हता, म्हणून त्यानं अख्खं कपाटच ट्रॅव्हल्सच्या टपावर चढवून ठाण्याला आणलं आणि तिथून टेम्पोत घातलं होतं! चौघांनी ते टेम्पोतून उतरवलं, नेमकं नवरदेवाची मंडळी दारात असताना. होणारे व्याही गहिवरले. "अहो, साखरपुड्यालाच कपाट? कशाला एवढं!"

बाळू घाम पुसत म्हणाला, "पाव्हणे, चावी तं कालच विमानानं पुढं पाठवली."

सगळ्यांसमोर मी कपाट उघडलं. शालू निघाला, पाटल्या निघाल्या आणि त्यांच्यामागं माझ्या बनियनींची चळत निघाली. आईनं कपाटावरून हात फिरवला. "आता राहू द्या इथंच. आजोबाची आठवण नातीच्या घरी राहीन." भाची रडली. मलाही भरून आलं, अर्धं बनियनींमुळे.

परतताना आम्ही तिघंही ट्रॅव्हल्सनं आलो. कपाटातले माझे सगळे कपडे चादरीत बांधून मांडीवर घेतले होते. शेजारच्या गृहस्थांनी गाठोडं निरखून विचारलं, "कपडे विकता काय?"

भूगोल शिकवतो, असं सांगायचा धीर झाला नाही. मी मान डोलावून म्हणालो, "हाव."