फुलांचा कप, रितामावशीचा

आमच्या सानगडीत चर्चच्या आवारात लहान पोरांची बालवाडी आहे. शिकवायला मॅडम आहेत, चांगल्या शिकलेल्या. पण पोरं लोंबकळतात ती रिताच्या पदराला. दार उघडणं, झाडणं, ढुंगणं धुणं, रडक्याला गप्प करणं, ही तिची कामं. पोरं तिला रितामावशी म्हणतात.

रिता मूळची नाकाडोंगरीची. बाप खाणीत होता, माय लहानपणीच गेली, मग मिशनच्या वसतिगृहात वाढली. नवरा ईश्वर ट्रकवर होता, तोही गेला. पोरगी लग्न होऊन नागपूरला. आता रिता आवारातल्याच एका खोलीत राहते आणि दुसऱ्यांच्या पोरांचे शेंबूड पुसते. वर हसते.

आमची नात रक्षा पहिल्या दिवशी फाटकाच्या गजाला चिकटून बसली होती. आवाज असा की चर्चची घंटा लाजावी. रिता तिला "रडू नको" म्हणालीच नाही. एक टोपली घेऊन शेजारी बसली.

"माय वो, माहे चिंचोके आन् सीताफळाच्या बिया एकात एक होऊन गेल्या. मले बारीक दिसत नाही. निवडून देतं काय?"

रक्षा हुंदके देत निवडत बसली. टोपली संपली तोवर रडणंही संपलं. मॅडम मला म्हणाल्या, "आजी, ही गणिताची सुरुवात आहे." म्हटलं, असेल बाई, आमच्याकडे याला निवडटिपण म्हणतात आणि ते केल्यावरच जेवायला मिळतं. पुढे कळलं, रिता रोज संध्याकाळी त्या बिया पुन्हा मिसळून ठेवते. उद्याच्या रडक्यासाठी.

माझे गुडघे बसले तेव्हापासून रक्षाला घरी आणून सोडायचं काम रितानेच घेतलं. मुलगा अनुप आणि सून कीर्ती दिवसभर दुकानात. दुपारी रिता आमच्या दारापुढच्या छपरीत टेकायची, मी चहा करायची. तासभर आमच्या गप्पा. खरं सांगते, माझ्या सख्ख्या बहिणीशी मी इतकी कधी हसले नाही.

पण तिचा कप वेगळा होता. निळ्या फुलांचा, कडेला टवका उडालेला. तो घरात यायचा नाही, खिडकीबाहेरच्या कोनाड्यात राहायचा. चहा झाला की रिता तो नळावर स्वतः विसळायची आणि पालथा ठेवायची. माझ्या सासूने बाहेरच्या बायांसाठी असाच एक ठेवला होता, मीही ठेवला. तिने कधी विचारलं नाही, मी कधी बोलले नाही. रक्षा एकदा त्याला हात लावायला गेली तेव्हा एवढंच म्हटलं, "शिवू नको, तो रितामावशीचा आहे."

यंदा हिवाळ्यात बालवाडीने आजी-आजोबांना बोलावलं, नातवंडं कशी शिकतात ते पाहायला. आम्हाला बसवलं पोरांच्या खुर्च्यांवर. माझे गुडघे कानाला लागले. कोणी मातीचे बैल करत होतं, कोणी बिया निवडत होतं. एका कोपऱ्यात लुटुपुटीचं घर मांडलं होतं, चूल, भांडी, बाहुल्या सगळं. मॅडम म्हणाल्या, पोरं घरी पाहतात तेच इथे खेळतात, आणि त्यातूनच शिकतात.

रक्षा झाली होती मी. ओढणीचा पदर, कमरेवर हात, "अगं माय वो" करत लंगडत चालली. सगळे पोट धरून हसले. शेजारच्या खुर्चीत अडकलेले एक आजोबा, पुंडलिकराव, ओरडले, "रंभाबाई, हे तं तुमची झेरॉक्स काढली वो!" सगळ्यात जास्त मीच हसत होते.

मग तिने चहा केला. बाहुल्यांना एकसारखे कप वाटले. एक कप मात्र उचलून खिडकीत नेऊन पालथा घातला. रिताचा हात धरून तिला ओढत उंबऱ्याबाहेर नेलं.

"मावशी, तू इथं बस. हा तुहा कप. बाकी कोणी शिवाचा नाही!"

हसू एकदम थांबलं. मॅडम पोरांच्या चपला सरळ करू लागल्या. एका पोराने विचारलंच, "काहून वो? तिचाच काहून वेगळा?"

रक्षा छाती फुगवून म्हणाली, "सगळ्यांचे सारखेच हायेत. मावशीचा एकटीचाच फुलांचा. आजीची लाडकी हाये न ते!"

मला वाटलं, त्या छोट्या खुर्चीतून जमिनीत जावं.

रिता खिडकीतला कप घेऊन उंबऱ्यावर बसली. रिकामा कप तोंडाला लावून तिने मोठा फुर्रर्र आवाज केला. "हव न. माहा स्पेशल कप हाये तो. आजी साखर बी मोजून टाकते." लोक सैल झाले, पुन्हा हसले. तिने मला झाकलं. चारचौघात, माझ्याच पापावर पदर घातला. मी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी रिताने रक्षाला आमच्या फाटकातच सोडलं. "आज घाई हाये काकू." मग रोजच घाई. चहाचं आधण मी ठेवायची आणि एकटीच प्यायची. ती भांडली असती तर बरं होतं. चोराला निदान मार तरी मिळतो. ही बाई आता माझ्याकडे बसणारच नाही, असं वाटायला लागलं.

शेवटी एका दुपारी मी फाटक धरूनच उभी राहिले. "रिता, बसून जा. आत चाल, घरात."

"इथंच बरं हाये, हवा लागते," म्हणत ती छपरीत टेकली. मी आमच्या फळीवरचे दोन स्टीलचे गिलास भरून आणले. एक तिच्यापुढे ठेवला.

रक्षाने भोकाड पसरलं. "हा नाही! तिचा फुलांचा दे! तिचा कप काहून घेतला तू?"

आता काय सांगू? खरं कारण सांगितलं तर ती जे शिकली नाही तेही शिकेल. मी कोनाड्यातून तो कप काढला आणि माझा चहा त्यात ओतला.

"तो मावशीचा हाये!" रक्षा पाय आपटू लागली.

"पिऊ दे तिले," रिता म्हणाली. "आज आजी माही पाहुणी हाये."

आपल्याच छपरीत पाहुणी होऊन मी कप उचलला. ओठाला लावणार तोच ती म्हणाली, अगदी सहज, मीठ कमी आहे म्हणावं तसं,

"काकू, तिकडून नका पिऊ. फुटकी कड लागते ओठाले."

मी कप फिरवला.